नळ आडवा गेला

आमच्या जिल्ह्यात बंदर आहे. हसू नका. जालन्याजवळ दिनागावला २०१५ साली ड्रायपोर्टचं भूमिपूजन झालं, तेव्हापासून आम्ही पाहुण्यांना सांगतो की बंदराचं बघितलं जातंय, समुद्र तेवढा यायचा राहिलाय. मी तर त्याच्याही आधीपासून वाट बघतेय. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याने शब्द दिला होता, "तुला समुद्र दाखवतो." त्याला अठरा वर्षं झाली. समुद्र काही आला नाही. तेव्हा यंदा आपणच जायचं ठरलं. सात दिवस, स्वतःच्या गाडीने, किनाऱ्या-किनाऱ्याने. आणि दोघंच.

'दोघंच' हा शब्द आमच्या घरात स्टीलचा पेला फरशीवर पडावा तसा पडला. सगळ्या खोल्यांतून माणसं बाहेर आली.

"दोघंच कामून?" सासूबाईंनी विचारलं. "गाडीत पाच जागा हायेत ना?"

लेक नांदेडला मावशीकडे, दीर पुण्याला, तुमचे गुडघे दुखतात, अशी सगळी कारणं मी सांगितली. खरं कारण सांगितलं नाही. अठरा वर्षांत आम्ही दोघं मिळून सगळ्यात लांब गेलो ते शिर्डी, तेही मागच्या सीटवर तीन आत्या घेऊन.

"आन् बघायचं काय तिथं?"

"समुद्र."

"म्हंजे पाणीच ना? आन् तेबी पेता येईना. ते बघायला एवढ्या लांब?"

ह्या प्रश्नाला मराठवाड्यात उत्तर नाही.

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. जोडीने प्रवासाला निघायची आमच्या जिल्ह्याला परंपराच नाही. आमचे सगळ्यात नावाजलेले प्रवासी म्हणजे जांबचे समर्थ रामदास. 'सावधान' कानावर पडलं आणि बोहल्यावरून निघाले ते सगळा देश पालथा घालून आले, पण एकटे. आमच्या ह्यांना भटजींचं 'सावधान' नीट ऐकू आलं नसावं. मंडपात डीजे होता.

बायकांचं म्हणाल, तर आमच्या भागातली समुद्रापार गेलेली पहिली बाई वीतभर उंचीची आणि हस्तिदंताची होती. इटलीतलं पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. त्या राखेतून १९३८ साली एक भारतीय स्त्रीमूर्ती निघाली, अंगभर दागिने घातलेली. पुढे आमच्या भोकरदनच्या उत्खननात तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती बाई सापडली, तेव्हा काही अभ्यासकांनी अंदाज बांधला की पाँपेईची बाईही मूळची भोकरदनकडचीच असावी. म्हणजे बघा. दोन हजार वर्षांपूर्वी, बैलगाडी आणि गलबताच्या जमान्यात, भोकरदनची बाई रोमन साम्राज्यात पोचली. आणि मला दिवेआगरला जायला कॅलेंडरमध्ये सात दिवस सापडेनात.

ते का सापडत नव्हते, तेही ऐका. नवऱ्याचं बियाण्यांचं दुकान. १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी जालन्यात महिको काढली, तेव्हापासून ह्या गावात बियाणं हा धंदा नाही, ऋतू आहे. मे अर्धा सरला की कपाशीच्या पाकिटांची चौकशी सुरू होते, आणि मग नवरा जुलैपर्यंत मला फक्त पाठमोरा दिसतो. त्याआधी लग्नसराई. फ्रिजवर अकरा पत्रिका, त्यातल्या तीन पत्रिकांत आमची नावं 'आपले विनीत'मध्ये छापलेली. म्हणजे जेवायला नाही, वाढायला जायचं. आणि जूनपर्यंत थांबावं, तर २६ मेपासून पावसाळ्यासाठी समुद्रातल्या किल्ल्यांच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद. पावसाचाही भरवसा नाही. २०२५ साली तो एवढ्या घाईत होता की २५ मेलाच कोकणात उतरला. आमच्याकडे यायचं म्हटलं की मात्र त्याला शुभ मुहूर्त लागतो.

उरली फट मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्याची. जालन्यात पारा बेचाळीसवर असताना. नवरा मोबाइल दाखवत म्हणाला, "तिकडं फक्त चौतीस!" आमच्या गल्लीतल्या एक काकू दापोलीत नोकरीला होत्या. त्या म्हणाल्या, "चौतीसच असतं. पण घाम वाळत नाही. दोरीवरचा टॉवेलसुद्धा नाही." नवऱ्याने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बेत त्याने दुकानातल्या कच्च्या बिलाच्या पुस्तकात लिहिला. माल ह्या रकान्यात गावं, नग ह्या रकान्यात रात्री. दिवेआगर एक नग, आंजर्ले एक नग, गुहागर एक नग, गणपतीपुळे एक नग. दर रिकामा. खाली छापलेलं होतंच, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. कार्बन घातलेला असल्यामुळे बेताच्या तीन प्रती निघाल्या. पांढरी मला, पिवळी पुस्तकात, आणि गुलाबी, चुकून, सासूबाईंना.

गुलाबी प्रत दुसऱ्या दिवशी परत आली ती भरघोस होऊन.

पुण्याला धाकट्याकडे मुक्काम, नाहीतर जावेला काय वाटेल. पुळ्याला अभिषेक. येताना कोल्हापूरची अंबाबाई, "वाटेतच हाय." नरसोबाची वाडी, "ती तर काय, वाटेतच." जेजुरी, वाटेतच. मी नकाशा उघडून दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि म्हणाल्या, "मंग? एवढंसं तर हाय." बोटाने मोजलं तर खरंच दीड पेर होतं. मराठवाड्यात 'वाटेत' हा शब्द अंतराचा नाही, श्रद्धेचा आहे. आम्ही तुळजापूरलाही पंढरपूरच्या वाटेत घेतो आणि पंढरपूरला तुळजापूरच्या.

घासाघीस होऊन वाडी आणि जेजुरी कटली. अंबाबाईला नाही म्हणायची हिंमत दोघांतही नव्हती. सातातला एक दिवस पुण्यात गेला, एक कोल्हापूरला, एक घरी परतण्यात. समुद्राच्या वाट्याला चार रात्री राहिल्या. अठरा वर्षांच्या व्याजासकट एवढीच मुद्दल हाती.

मग खाणं. "तिकडं मासे खातेत. तुम्ही काय खाताल?" असं म्हणून सासूबाईंनी ज्वारीचं पीठ काढलं. धपाटे आठ दिवस टिकतात, हे मला मान्य आहे. पण आठ दिवस टिकतात म्हणून आठही दिवसांचे करायचे नसतात. नवरा मटणाला भीत नाही, माशाला भितो. त्याचा माशाचा अनुभव जायकवाडीच्या रोहूपुरता, आणि त्यातला एक काटा घशात अडकला होता त्याची हकिगत तो अजून सांगतो. धपाटे डिक्कीत गेले. शेजारी मोसंबीची दोन पोती. का? तर रिकाम्या हाताने जायचं नसतं. कुणाकडे, हा प्रश्न गौण. येताना त्याच जागेत हापूसच्या पेट्या. जालन्याच्या मोसंबीला जीआय, कोकणच्या हापूसला जीआय. आमच्या दोघांना तेवढं काही नाही, म्हणून आम्ही पुढच्या सीटवर पाय आखडून.

रस्त्याचं म्हणाल, तर ज्याला सायकलचं पंक्चर काढता येत नाही तोही आमच्या गल्लीत घाट सांगतो. एक म्हणे ताम्हिणी, दुसरा म्हणे वरंधा, तिसऱ्याने तर आम्हाला गगनबावड्यावरून थेट मालवणात उतरवलं. बाकी सगळ्यांचं एकमत समृद्धी महामार्गावर. "समृद्धीनं आमण्यापर्यंत डोळे मिटून जा, भाभी," गॅरेजवाला म्हणाला. डोळे मिटणं हाच त्या रस्त्यावरचा धोका आहे, हे त्याला कोण सांगणार? त्याने टायरांत नायट्रोजन भरला, वायपर बदलले, आणि गाडीच्या बॉनेटवर दोनदा थोपटलं, माहेरी निघालेल्या लेकीला थोपटावं तसं.

ह्या समृद्धीने जालन्याच्या माणसाचं गणित मात्र पार बिघडवलंय. ५ जून २०२५ ला शेवटचा तुकडा खुला झाला आणि ७०१ किलोमीटर अख्खे पुरे झाले. वेगाची मर्यादा ताशी १२०. त्यामुळे आता आम्ही कुठलंही अंतर एकशेवीसने भागतो. नवऱ्याने दिवेआगर ते आंजर्ले असंच भागलं आणि म्हणाला, "तासाभराचं काम आहे. पुढचा दिवसभर काय करायचं?"

दापोलीवाल्या काकू हसल्या. कोकणात किलोमीटर विचारायचे नसतात, म्हणाल्या. खाड्या विचारायच्या.

मग त्यांनी बोटांवर खाड्या मोजल्या. राजपुरीची, बाणकोटची, दाभोळची, जयगडची. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, प्रत्येक नदी समुद्राला मिळायच्या आधी पदर पसरून बसलेली. पलीकडचं गाव समोर दिसतं, पलीकडचा माणूस कुठल्या रंगाचा शर्ट घालून उभाय तेही दिसतं, पण रस्त्याने जायचं तर खाडीचं टोक गाठून वळसा घालायचा. म्हणून तिथे जंगलजेट्टी. गाडी थेट बोटीत घालायची. बागमांडल्याला चढायचं, वेसवीला उतरायचं. दाभोळला चढायचं, धोपाव्याला उतरायचं. तवसाळला चढायचं, जयगडला उतरायचं.

"गाडी? बोटीत?" नवऱ्याचा चेहरा उतरला.

जो माणूस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करताना देवाचं नाव घेत नाही, तो त्या रात्रीपासून अकरा-अकरा वाजेपर्यंत जेट्टीचे व्हिडिओ बघायला लागला. गाड्या उतारावरून सावकाश खाली येतात, लोखंडी फळीवर चाक चढतं, 'धडाम' वाजतं, तसा हा गादीवर ब्रेक दाबायचा. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, उजवा पाय. एकदा व्हिडिओ थांबवून म्हणाला, "हँडब्रेक ओढायचा का गिअरमध्ये ठेवायची?" दोन्ही कर, म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याने विमा एजंटाला फोन लावला. गाडी खाडीत गेली तर ते अपघातात धरतात की पुरात, असं विचारलं. एजंट म्हणाला, "तुम्ही जालन्याचे ना? मग पूर कशाला लिहिता, साहेब मंजूर करणार नाहीत."

रेवसपासून रेडीपर्यंत सलग सागरी महामार्ग करायचं बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून ऐकतोय. आता म्हणे खाड्यांवर पूल होणार. होवोत. कोकणातल्या माणसाला रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा असतो, त्याला पूल हवाच. पण मी नवऱ्याला म्हटलं, पूल व्हायच्या आत जाऊन येऊ. मला ती बोट हवीय. गाडीतून उतरून कठड्याला टेकायचं, दहा-पंधरा मिनिटं काही करायचं नाही, आणि नवऱ्यालाही स्टेअरिंग नसल्यामुळे माझ्याकडेच बघावं लागेल. अठरा वर्षांत अशी पंधरा मिनिटं... जाऊ द्या.

खोल्यांचे फोन मी लावले. नवरा 'एसी आहे का' विचारतो. पुण्यामुंबईचे लोक म्हणे 'समुद्र दिसतो का' विचारतात. मी जालन्याची. मी विचारलं, "पाणी चोवीस तास आहे का?"

आंजर्ल्याच्या खोलीवाल्या काकू घटकाभर बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "आता खरं सांगते हो. मे महिन्यात आमची विहीर तळाला जाते. प्यायला आणि आंघोळीला देऊ, पण जपून वापरावं लागेल. कधीकधी टँकर मागवावा लागतो."

मला वाटलं थट्टा करतात. तिकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. आमच्याकडे सातशे पडला तर आम्ही पेढे वाटतो. काकूंनी समजावलं. जांभा दगड, सच्छिद्र. वरून पडलेलं पाणी त्यात थांबत नाही, उताराने धावत सुटतं आणि समुद्रात जातं. मार्च-एप्रिल उजाडला की वाड्या-वाड्यांतून हंडे बाहेर.

"तुम्ही कुठल्या म्हणालात?"

"जालना."

"मग तुम्हाला काय शिकवायचं," त्या म्हणाल्या, आणि ॲडव्हान्स न मागता खोली आमच्या नावावर लिहून टाकली. आयुष्यात पहिल्यांदा जालना सांगितल्यावर कुणी विश्वास टाकला.

सगळं जुळलं. बिलाची पांढरी प्रत मी देवघरात ठेवली. तेव्हा आठवलं, की मंगळवारी नळ आहे.

बाहेरच्यांसाठी खुलासा. आमच्या भागात नळ आठव्या दिवशी येतो. कधी नवव्या. येतो म्हणजे रात्री अडीचला येतो आणि साडेतीनला जातो. लग्नाचा वाढदिवस विसरला तर चालतो, नळाचा दिवस विसरून चालत नाही. आधी पाइपातून हवा येते, 'फुस्स' करत, मग खोकल्यासारखे दोन आचके, मग गढूळ. ते दहा मिनिटं सोडून द्यायचं. सोडतानाही बादलीत सोडायचं, झाडांना. मग हौद, हौदातून मोटारीने वरची टाकी, मधल्या वेळात ड्रम, हंडे, कुकर, पातेली, सासूबाईंचा तांब्या. नळ सोडणाऱ्याचा मोबाइल नंबर आमच्या गल्लीत फक्त एकाकडे आहे, आणि त्याला सगळे आमदारापेक्षा जास्त नमस्कार करतात. ह्या एका तासात घरात धडधाकट माणूस नसेल, तर पुढचे आठ दिवस घर नाही.

तर आमच्या पाठीमागे पाणी कोण भरणार? सासूबाईंचे गुडघे, तेही रात्री अडीचला. दुकानातला पोरगा विश्वासू, पण त्याच्या घरीही त्याच रात्री नळ. शेजारच्या काकूंशी आमचा पाण्याचा पैरा आहे, तुमचं मी भरते, माझं तुम्ही भरा. पण त्यांच्या घरी त्याच आठवड्यात लग्न, आणि लग्नघराला दुसऱ्याचा हौद दिसत नाही.

दोन दिवस घरात सुतक. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने बिलाच्या पुस्तकाचं नवीन पान काढलं. नळ आठ दिवसांनी, सहल सात दिवसांची. म्हणजे मंगळवारी पहाटे नळ गेला की त्याच पावली निघायचं, आणि पुढचा नळ यायच्या आत घरात. चांद्रयान सोडायला जशी घटका गाठावी लागते, तशी. मी म्हटलं ना, बियाणंवाला आहे, वाफसा बरोबर ओळखतो. मला त्या क्षणी तो पुन्हा आवडला, अठरा वर्षांपूर्वीइतका नाही, पण पंधराएक वर्षांपूर्वीइतका.

मंगळवार लागताच, रात्री एकला आम्ही अंगणात. गाडी तोंड फाटकाकडे करून उभी. डिक्कीत मोसंबी, धपाटे. नवऱ्याने समुद्रासाठी घेतलेली अर्धी चड्डी आत्ताच घातली होती, वर बंडी, डोक्याला टॉर्च. मी पाइप नळाला जोडून दोरीने करकचून बांधला. दोन वाजले. अडीच. तीन वाजता 'फुस्स' झालं. आम्ही दोघंही उठलो. नुसती हवा. चार वाजता तीही बंद पडली. नंबरवाल्या माणसाच्या दारात गल्ली जमली. तो म्हणाला, आज नाही. उद्या. बहुतेक.

सकाळी सासूबाईंनी डिक्कीतले दोन धपाटे काढून नवऱ्याच्या ताटात वाढले. कुणी काही बोललं नाही. पुण्याला जावेला मी कळवलं, तिने सुटकेचा निःश्वास लपवला नाही. मग आंजर्ल्याला फोन लावला.

"काकू, आम्हाला एक दिवस उशीर होईल."

"का हो? घरी कुणाला बरं नाही का?"

"नाही. नळ आला नाही."

तिकडे जरा शांतता. मग त्या म्हणाल्या, "आमचा टँकर यायचाय. तुम्ही या सावकाश."

मी फोन ठेवणार, तेवढ्यात घळघळ ऐकू आलं. आधी लांबून, मग जवळ, मग भरभरून. मी ओरडले, "अहो, पाणी आलं!" नवरा हातातला धपाटा टाकून, अर्ध्या चड्डीवर, नळाकडे धावला. चावी पूर्ण फिरवली. वाकून पाइपला कान लावला.

आवाज फोनमधून येत होता.